खुर्चीमागे धावलेली रांग

चि. मुगेर्वा यास,

थोरल्या बहिणीचा, म्हणजे नालुवेम्बेचा, तुझ्या टकलावर हात. रात्री झोप लागली ना? गुडघा वाकतो का? बायको तुझं ऐकते असं अजून तुला वाटतं का? विचारपूस मनापासून आहे, पण उत्तरं सवडीने दे, कारण माझ्या पोटात बातमी मावत नाहीये. आपला कायिवा गावचा चेअरमन झाला! (लिहून घेणाराही तोच. मला अक्षर येत नाही आणि त्याला लाज येते. तेव्हा जिथे नातवाची स्तुती आखूड वाटेल, तिथे त्याने चोरी केली असं समज.)

चार वर्षांपूर्वी हा घोडा फणसावरून पडला, कण्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं मुकं झालं, हे तुला मी सांगायला नको. (फणस झाडावरच राहिला. तो पुढे शेजाऱ्यांनी खाल्ला.) तू सायकलची चाकं जोडून खुर्ची करून दिलीस, देव तुझं भलं करो, पण खुर्ची आली म्हणून वाट थोडीच येते? गावच्या सभा टेकडीवर, चर्चपाशी. याला चौघांनी उचलून न्यायचं, तेही चौघांना सवड असली तर, आणि मध्येच घरी यायचं झालं तर पुन्हा चौघं शोधायचे. जणू माणूस नव्हे, कपाट. मग हा घरी बसे आणि मी त्याच्याकडून भुईमुगाच्या शेंगा सोलून घेई. गेल्या वर्षी टेकडीखालच्या बोअरिंगला सिमेंटचा ओटा झाला, त्याला तीन पायऱ्या. हा म्हणाला, "मला विचारलं का?" तर सेरुंजोगी चेअरमन म्हणतो, "तू सभेला होतास कुठे?" त्या दिवशी याने शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि म्हणाला, "आजी, मी निवडणूक लढवणार." मी म्हटलं, "आधी जेवून घे. उपाशी हरलास तर लोक मला नावं ठेवतील."

आपली मत द्यायची रीत तू शहरात विसरला असशील. कागद नाही, पेटी नाही. ज्याला मत, त्याच्या पाठीमागे रांगेत उभं राहायचं. पहिल्या शिट्टीला रांग लावायची, दुसऱ्या शिट्टीला थिजायचं, मग निवडणुकीचे साहेब मुंडकी मोजणार. मतदानाच्या दिवशी चौघांनी कायिवाला टेकडीवर नेऊन ठेवला तो नेमका उताराच्या तोंडाशी. मी माझा जुना रेशमी कमरपट्टा काढून त्याला खुर्चीला बांधला, कारण मुकं अंग कधी घसरेल सांगता येत नाही. पहिली शिट्टी झाली, रांगा लागल्या, आणि तू बसवलेला ब्रेक "टक्" म्हणाला.

खुर्ची निघाली! रांगेत पहिली होती शिंपीण नाकिटो. तिला वाटलं, उमेदवार पुढे गेला आणि आपण मागे राहिलो तर मत बुडालं. ती धावली. तिचा खांदा धरून दुसरा, त्याचा धरून तिसरा, आणि रांग न मोडता अख्खी रांग उताराला लागली रे! कडेवर पोरं, काखेत कोंबड्या. साहेब ओरडतायत, "थांबा, थांबा!" आणि नाकिटो ओरडते, "आधी त्याला थांबवा, मग आम्ही थांबतो!" कायिवा तळहातांनी चाकं दाबत होता (साल निघालीय, तरी लिहितोय) आणि मेला हसत होता. मी थरथरत त्याच्यामागे... (कायिवा, 'थरथरत' खोड. मी थरथरत नव्हते.) शेवटी बोअरिंगपाशी केळीच्या सालींचा ढीग होता, त्यात खुर्ची रुतली. साहेबांनी तिथेच कशीबशी दुसरी शिट्टी फुंकली, आम्हाला मोजलं, धापा टाकत वर जाऊन दुसरी रांग मोजली. सेरुंजोगीमागे त्र्याऐंशी, कायिवामागे चौऱ्याऐंशी!

सेरुंजोगी खाली येऊन कडकडला, "खुर्ची पळवून माणसं ओढली!" साहेब म्हणाले, "रांग उमेदवाराच्या मागे हवी, एवढाच नियम आहे. उमेदवाराने स्वस्थ बसावं असं कुठे लिहिलंय?" मग कायिवाने सालींच्या ढिगातूनच पहिला हुकूम सोडला: यापुढे सभा इथेच, सपाटीवर, आणि ओट्याच्या पायऱ्यांवर उतार बांधायचा. अख्खं गाव खाली आलेलंच होतं. परत चढायला कोणाला हौस?

तुझी, दम अजून न बसलेली,
नालुवेम्बे

ता. क. : ब्रेक पाठव. या खेपेला लोखंडाचा.

ता. क. २ : आता हे कायिवाने निमूट लिहायचं आहे, गावातल्या कुणी चहाडी करायच्या आत. त्या दिवशी मी सेरुंजोगीच्या रांगेत होते, त्याच्या जाड मेहुणीच्या आड. मला वाटलं, पोरगा हरला की घरी राहील, माझ्या नजरेसमोर, शेंगा सोलत. एकदा पडलेला मी पाहिलाय रे. खुर्ची सुटली आणि माझे पाय मला न विचारता निघाले. दुसरी शिट्टी झाली तेव्हा मी त्याच्या रांगेत शेवटची होते. चौऱ्याऐंशीवी.

ता. क. ३ : शेवटचा शब्द याने दोनदा गिरवला. आता म्हणतो, चेअरमनला सभा आहे, उरलेल्या शेंगा तुझ्या तू सोल. तेव्हा ब्रेकबरोबर शेंगा सोलायला कोणी मिळालं तर तेही पाठव.