बारावी पट्टी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगांचा होतो आहे. उरलेली तीन प्रत्यक्ष भेटीत.) तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात 'बरा आहे' असं लिहिलं होतंस, पण अक्षर उभ्याने लिहिल्यासारखं दिसत होतं, म्हणजे बसता-उठता येत नसणार. तू शिकवायचीस त्या वर्गात मी चार वर्षं तुझा फळा वाचत काढली आहेत, तुझं अक्षर मला कळतं. भाऊजींचं कानातलं यंत्र सापडलं का? त्यांना नमस्कार सांग, आणि यंत्र सापडेपर्यंत जरा मोठ्याने सांग. इकडे आम्ही दोघं ठीक. हिची तब्येत चांगली आहे, कारण माझ्यावर ओरडल्याने फुप्फुसांना व्यायाम होतो असं तिला कुणीतरी सांगितलं आहे.

पत्र लिहिण्याचं कारण आनंदाचं आहे. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता इथल्या संग्रहालयात एक नवं काचेचं कपाट उघडणार आहे आणि त्या कपाटात मधोमध माझा ट्रायलोबाइट बसणार आहे. खाली पाटी, पाटीवर माझं नाव. तेव्हा तुम्ही दोघांनी यायचंच. ट्रायलोबाइट म्हणजे काय हे मी तुला फोनवर सांगितलं होतं, पण तू 'म्हणजे मेलेला किडा' असं म्हणून फोन ठेवलास, म्हणून पुन्हा सांगतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी रांगणारा हा प्राणी. कुंडी उचलल्यावर खाली जे राखाडी किडे गुंडाळी करून बसतात ना, साधारण तसा दिसायला. पुढे डोकं, मागे शेपूट आणि मध्ये अंगावर आडव्या पट्ट्या. या पट्ट्या मोजून जात ओळखतात. मला जो सापडला त्याच्या कुळात पट्ट्या अकरा. कमी नाही, जास्त नाही. माझ्या पुस्तकात हे वाक्य जाड ठशात आहे.

आता तू म्हणशील, जन्मभर कवळ्या बनवणाऱ्या माणसाला हे भिकेचे डोहाळे कुठून लागले. (ही अगदी हेच म्हणते, शब्दसुद्धा हेच.) तर निवृत्तीनंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि चालायला एकच मोकळा रस्ता आहे, तो बंद पडलेल्या दगडखाणीकडे जातो. तिथे राखणदार आहे. काय राखतो ते त्यालाही ठाऊक नाही. त्याने एकदा मला शिंपला उमटलेला दगड दाखवला आणि माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षं मी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून लोकांच्या तोंडाचे साचे पाहिले. दगडात उमटलेली वस्तू दिसली की ती उलट करून पाहणं हा माझा हातचा धंदा. मी त्याच दिवशी हातोडा आणला.

पहिल्या वर्षातली माझी कामगिरी तुला सांगायला नको होती, पण ही सांगेलच, म्हणून मीच सांगतो. पहिला ट्रायलोबाइट मी आठ दिवस मेणाच्या सुरीने कोरून साफ केला, तो कुणाच्या तरी बुटाचा ओल्या सिमेंटमध्ये उठलेला तळवा निघाला. (नंबर आठ.) दुसरा फारच हुबेहूब होता, इतका की मी भिंग लावल्यावर तो चालू लागला. दगड फोडायला मोकळी जागा म्हणून मी न्हाणीघर निवडलं, तर खालच्या मजल्यावरच्या वकिलीणबाई वर येऊन विचारून गेल्या की फरशी बदलताय का, आणि बदलत असाल तर किती दिवस. मी खरं सांगितलं. तेव्हापासून जिन्यात भेटल्या की त्या माझ्याशी फार सांभाळून बोलतात, जसं आजारी माणसाशी बोलावं. शेवटी हिने कायदा केला की दगड गॅलरीबाहेर घरात येणार नाहीत आणि माझ्या डब्याच्या पिशवीतून खडी निघाली तर डबा बंद.

पण गेल्या वर्षी, थंडी संपता संपता, खाणीच्या वरच्या थरातला एक चपटा दगड मी उभा धरून छिन्नीचा एक टोला दिला आणि तो पुस्तकासारखा उघडला. एका पानावर प्राणी, दुसऱ्या पानावर त्याचा ठसा. ताई, मी तिथेच खाली बसलो. डोळे असे टपोरे की त्यांच्यातले बारीक दाणेसुद्धा मोजता यावेत. राखणदार धावत आला, त्याला वाटलं मला काहीतरी झालं. झालंच होतं. सगळ्यांत आधी बघणारा मी होतो, आणि माझ्याआधी त्याला बघायला माणूसच नव्हता.

घरी आणून मी धंद्याच्या सवयीने प्राण्याला 'वरची' आणि ठशाला 'खालची' अशी चिठ्ठी लावली. वरची ठेवली. खालचीचं काय करायचं ते सुचेना, तेवढ्यात तुमच्या नव्या घराचं आमंत्रण आलं, म्हणून ती कागदात गुंडाळून तुला भेट दिली. (तू ती उलटसुलट करून 'भेट कुठाय?' असं विचारलंस, ते माझ्या लक्षात आहे.) भाऊजी तिचा वापर वाऱ्याने आपटणारं मागचं दार अडवायला करतात असं तू लिहिलं होतंस. उपयोग होतो आहे हे वाचून बरं वाटलं.

वरचीचं मात्र एक झालं. साफ करताना माझ्याच हातून ती मोडली, बरोबर शेपटीच्या वर, आणि मधली एक कपची उडून गॅलरीतून खाली गेली. मी आणि ही दोन दिवस वकिलीणबाईंच्या कुंड्यांत शोधत होतो. मिळाली नाही. तुकडे चिकटवले तर मध्ये फट. आता मला सांग, मी काय करायला हवं होतं? चाळीस वर्षं ज्याने फट दिसली की भरली, त्याच्यासमोर फट ठेवायची आणि म्हणायचं हात लावू नकोस. मी कवळीचं मटेरियल घेतलं, त्यात त्याच दगडाची पूड मिसळली (नुसतं असतं तर हिरडीसारखं गुलाबी झालं असतं), शेजारच्या पट्ट्यांचं माप घेतलं आणि फट भरली. काम इतकं जुळून आलं की संध्याकाळी मलाच सांधा दिसेना. किरकोळ डागडुजी. घरात ठेवायची वस्तू, दोघं म्हातारी बघणार, त्यात काय.

मग संग्रहालयाच्या बाई आल्या. राखणदाराने त्यांना सांगितलं होतं. बाई तरुण आहेत, हुशार आहेत, त्यांचा स्वतःचा विषय जुनी कापडं, पण दगडांचं खातंही त्यांच्याच गळ्यात पडलेलं आहे. त्यांनी हातमोजे घातले, भिंगातून पाहिलं आणि पेन्सिलीच्या टोकाने पट्ट्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग मला मोजायला लावल्या. बारा. ताई, त्या खुर्चीवरून उठल्याच. कुळात अकरा आणि यात बारा, म्हणजे ही जातच नवी असू शकेल. नव्या जातीला शोधणाऱ्याचं नाव देण्याची पद्धत आहे. आपल्या आडनावाला लॅटिन शेपूट लागणार आणि ते जगभरच्या पुस्तकांत छापून येणार. मी त्याच वेळी डागडुजीचं सांगणार होतो, पण ही चहा घेऊन आली, बाईंनी तिला मिठीच मारली, आणि हिने माझ्याकडे असं कौतुकाने पाहिलं, लग्नानंतर बहुधा दुसऱ्यांदाच. मी चहा प्यायलो.

तुला खोटं वाटेल, पण मला नावाची हाव नव्हती. माझ्या धंद्यात चांगलं काम म्हणजे जे कुणाच्या लक्षात येत नाही ते. चाळीस वर्षं माझं काम गावभर लोकांच्या तोंडात होतं आणि नाव मात्र कुणाच्याच तोंडी नव्हतं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही असं मी समजत होतो. पाटीचा मसुदा वाचला तेव्हा कळलं की वाटत होतं.

असो. रविवारी लवकर निघा म्हणजे पुढे जागा मिळेल. गुडघ्याला शेक चालू ठेव. तुझा लोभ मला सवयीचा आहे, तो या पत्रानंतरही टिकावा एवढीच इच्छा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : येताना मागच्या दाराचा दगड आणू नकोस. उगाच ओझं. भाऊजींनी तो कुणाला दाखवूही नये, पाहुण्यांनी विचारलं तर दगड आहे म्हणून सांगावं. वाटल्यास परसात पुरून टाका.

ता. क. २ : वरचं लिहून पत्र पाकिटात घातलं होतं, ते पुन्हा काढलं. आज बाई येऊन गेल्या. त्यांनी फोटो एका मोठ्या जाणकारांना पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं की बारा पट्ट्या असतील तर नवी जात, नाहीतर कुणाला तरी मोजता येत नाही, आणि दुसरा अर्धा दगड कुठे आहे? बाईंनी मला तेच विचारलं. मी सांगितलं, हरवला. त्या म्हणाल्या हरकत नाही, माझा तुमच्या मोजणीवर विश्वास आहे, आणि त्यांनी लेख लिहायला घेतला आहे. स्वतःच्या नावाने. त्यांचा पहिलाच. माझ्या दगडाचा फोटो त्यांनी आपल्या टेबलासमोर भिंतीवर लावला आहे म्हणे. मी आज जेवलो नाही. हिला कंबरेचं कारण सांगितलं.

ता. क. ३ : आमच्या धंद्यात पोरालाही ठाऊक असलेला नियम आहे, कवळी बसेपर्यंत साचा हातचा सोडू नये. मी तो तुला भेट दिला. तू दगड पालथा कर, पाठीवर पेन्सिलीने '११' लिहिलेलं आहे. अक्षर माझं आहे. तुला द्यायच्या आधीच मी ठशावरच्या पट्ट्या मोजल्या होत्या. फट एका पट्टीची होती, चिकटवताना मोठी राहिली आणि मी तिच्यात दोन बसवल्या. बाईंनी बारा मोजल्या तेव्हा मला हे सगळं ठाऊक होतं, चहा येण्याच्या आधीपासून.

तेव्हा परसात पुरू नकोस. घेऊनच ये, आणि रविवारी नको, हे पत्र मिळेल त्या दिवशी निघ. शेजारच्या काकूंच्या कपाचा कान मी कणीक लावून चिकटवला होता आणि गुपचूप त्यांच्या फळीवर ठेवून आलो होतो, ते आठवतं? तू माझा कान धरून मला त्यांच्या दारात उभं केलंस आणि सगळं बोलून होईपर्यंत सोडला नाहीस. मी तेव्हा सात वर्षांचा होतो, आता अडुसष्ट आहे, पण एकट्याने त्या दारापर्यंत अजून जाववत नाही. बाईंचं कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे, पायऱ्या सोळा, कठडा आहे. तुझ्या गुडघ्याला त्रास होईल, माफ कर.

ता. क. ४ : तुमचं मागचं दार आपटू नये म्हणून सोबत पार्सलने दुसरा दगड पाठवला आहे. त्यात काही नाही, मी नीट पाहिलं आहे. (तरी आपटून कधी फुटलाच, तर फेकण्याआधी दोन्ही तुकडे जपून ठेव, आणि कडेची एक रेघ भाऊजींना भिंगातून बघायला सांग.)