वरचं धरण फोडलं तेव्हा

तिएरा देल फ्वेगो, दक्षिण अमेरिका, नदीकाठचं घर
४ मार्च २०१७

ती. एलिसेओदादास,
सा. न. वि. वि.

तुमची टोळी बीव्हरची धरणं फोडत आमच्या नदीवर आल्याचं आबेलिनो म्हणाला. नवरा माझा, पण बाजू तुझीच घेतो! म्हणतो, या परक्या जनावरानं लाकडं रचून नदीचं तळं केलं, जंगल पाण्यात उभं कुजवलं, धरण फोडायलाच हवं. मी म्हणते, झाडं तर मेलीच; आता त्याच तळ्यावर आमच्या मेंढ्या जगतात. फोडायचंच तर हळूहळू फोडा, आणि आदल्या दिवशी निरोप पाठव. आम्ही खाली पाण्यात उतरूनच नदी ओलांडतो.

बाबांची दाढ आता ठणकत नाही. माया आहे ती असू दे.

तुझी,
ओर्तेन्सिया

वरचा तळ
१० मार्च

चि. ओर्तेन्सियास अनेक आशीर्वाद.

लहानपणी कोंबडी कापली तरी रडायचीस, आता बीव्हरची वकील झालीस! अगं, तळं राहिलं तर ही जात वरच्या ओढ्यांत पसरेल. उरलंसुरलं जंगलही जाईल. पण खरं सांगू? काल मादी सापळ्यात सापडली. पिल्लू तिच्याभोवती फिरत राहिलं. तेही मारलं. मला जेवण गेलं नाही. टोळीत कुणाला कळू देऊ नकोस, चिडवतील.

निरोप नक्की पाठवतो. बाबांना नमस्कार. भांडलीस तरी लिहीत जा.

तुझा दादा,
एलिसेओ

वरचा तळ
२८ मार्च

ओर्तेन्सिया,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. आबेलिनोला पुरताना तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. टोळीतले सांगतात, धरण आपोआप फुटलं. खोटं आहे. बर्फ पडायच्या आत उरकायचं म्हणून मुकादमानं एका दिवसात सगळं फोडायला लावलं. मी म्हटलं, खाली सांगायला हवं. तो म्हणाला, मग जा की घोड्यावरून. मी गेलो नाही. दोन तासांची वाट, त्यात पाऊस. वाटलं, रविवारी नदीत कोण उतरतंय? आबेलिनो मेंढ्या घेऊन उतरला होता.

चौकशीला साहेब येणार आहेत. त्यांना हेच सांगणार. आधी तुला सांगितलं.

एलिसेओ

नदीकाठचं घर
६ एप्रिल

ती. दादास,

पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोरानं खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला तसं वाटत नाही. तुझं पत्र येईपर्यंत मी मेलेल्या माणसाला शिव्या घालत होते. पाण्याचा आवाज कसा ऐकू आला नाही, लक्ष कुठं होतं तुझं, म्हणून. ते आता थांबलं.

साहेबांना सांग, सगळं सांग. यंदाचा हिवाळा माझ्यासमोर येऊ नकोस. शनिवारी मी मेंढ्यांकडे असते, तेव्हा बाबांना भेटून जा. त्यांची नखं वाढलीत. मला कापू देत नाहीत, तू काप.

तुझ्यासाठी रांधून ठेवणार नाही. बटाटे आहेत, दोघं उकडून खा.

ओर्तेन्सिया