तांब्यावरचं नाव आणि गुडघ्याचं तेल

पिंपळगाव रेणुकाई

प्रिय धम्मपालदादा यांस,
राजानंदचा सविनय जय भीम. वहिनींचा खोकला गेला असेल आणि तुमचा मुरगळलेला पाय जमिनीला टेकत असेल, असं धरून पुढचं लिहितो. (मी फार बोलणारा नाही हे तुम्ही जाणता, पण आज राहवत नाही.)

आबा गेल्यावर जलदान विधीच्या पत्रिकेवर आपण त्यांचा तो हसरा फोटो टाकला. तो मोबाइलवरून गावोगाव गेला. परवा लेकीला, पायलला घेऊन भोकरदनच्या स्टँडवर उतरलो, तर समोर पोस्टरवर आबा! हातात तेलाची बाटली, मिशा काळ्याभोर, खाली 'महिन्यात गुडघे मोकळे!' ज्या माणसाचा गुडघा जन्मात दुखला नाही (दुखलं ते डोकं, तेही आपल्यामुळं), तो गेल्यावर तेल विकायला उभा. रसवंतीवाला म्हणाला, "भाऊ, तुमचे आबा वारले ना? मंग हे कोन?" मी रस तसाच ठेवून तेलाच्या दुकानात गेलो. सोमेश्वरशेठ म्हणाले, "हे आमचे जुने गिऱ्हाईक. सारख्या चेहऱ्याचे लोक असतेत, भाऊ." मी पायलकडं पाहिलं.

पण पायलनं (इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष) कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्या फोटोत आधीच एक न दिसणारी खूण मिसळून ठेवली होती. कोपऱ्यातलं नाव कुणीही कापतं; ही खूण वरणातल्या मिठासारखी फोटोभर पसरलेली. कापा, लहान करा, मिशा रंगवा, ती राहतेच. आबा लग्नाकार्याला भांडी उसनी देत, म्हणून प्रत्येक भांड्यावर खिळ्यानं स्वतः नाव कोरत. तांब्यावरच्या त्याच नावाचा फोटो मी तिला खुणेसाठी दिला होता.

तिनं शेठच्याच मोबाइलवरची जाहिरात लॅपटॉपवर घेतली. आधी पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग हळूहळू आबांच्या हातचं, वाकड्या 'ड'चं 'कडूबा'! दादा, मी भर दुकानात "आबा!" म्हणून ओरडलो. वर शेठला विचारलं, "आमच्या तांब्यावरचं नाव तुमच्या गिऱ्हाइकात कसं शिरलं?" पायल माझ्याकडंच पाहत राहिली. शेठनं कान धरले. उद्यापासून सगळी पोस्टरं उतरणार. आबा परत आपले!

तुमचा,
राजानंद

ता. क. शेठनं एक बाटली भेट दिली. आईच्या गुडघ्याला गुण आला. कुणाला सांगू नका.

आणखी एक. पोस्टरं उतरणार म्हटल्यावर आई माझ्यावरच चिडली. "काढायला लावले कशाला? बाजाराला गेलं की दिसले तरी असते!" म्हणून विनंती, तुमच्या जालन्याच्या स्टँडसमोरचं पोस्टर सगळ्यांत मोठं आहे. ते फाटू न देता गुंडाळून आणा. बाटली आम्ही कापून टाकू. मिशांना मात्र हात लावायचा नाही. आई म्हणते, लग्नात अश्शाच होत्या.