संघाची सतरंजी आणि शालनची वाकळ

विश्रामबाग, सांगली
संक्रांतीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप हरणाक्का यांच्या चरणी लालासाहेबाचा सविनय नमस्कार.

आपली गुडघेदुखी थंडीने बळावली नसावी, म्हैस वेळेवर दूध देत असावी आणि माझ्यावरील आपला राग (धाकटी बहीण मला दिल्यापासून तो अखंड आहे, असे मी धरून चालतो) आपल्या प्रकृतीस मानवत असावा, अशी आशा आहे. फोन न करता पत्र लिहीत आहे, कारण मागील खेपेस मी 'सुई' हा शब्द उच्चारताच आपण, "आवं पाव्हणं, तुमी सुई धरली व्हय? मग आमी आता कालवा खणाय जायाचं का?" असे विचारून इतक्या हसलात की माझे पुढील निवेदन राहूनच गेले. पत्राला असे मध्येच थांबवता येत नाही. (नात साक्षी हे वाचून दाखवीलच. तिने शक्यतो पूर्णविराम आल्यावरच हसावे.)

शालन गेल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा. घर नीटनेटके आहे, जेवण वेळेवर होते, काळजीचे काही कारण नाही. तथापि या दिवसांत संध्याकाळ लवकर होते आणि ती संपता संपत नाही, ही गोष्ट शेजारच्या क्रांतीताईंच्या लक्षात आली. त्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हिवाळ्यापुरता हस्तकलेचा वर्ग घेतात. "काका, भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा भिंतीवर काहीतरी लावा की," असे म्हणून त्यांनी माझे नाव परस्पर घातले. पाटबंधारे खात्यात सारा जन्म गेलेल्या माणसास रंगीत लोकर हातात धरणे जड गेले, परंतु मी लोकरीचे तोरण सिद्ध केले. ते टांगताना उंचीचे माप मी स्वतःवरून घेतले (माझी उंची बेताची आहे, हे आजवर कोणत्याही कालव्याच्या आड आले नव्हते), त्यामुळे आलेला प्रत्येक पाहुणा गोंड्यांत तोंड घालूनच आत येऊ लागला. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्या गृहस्थाच्या शर्टाच्या बटणात एक गोंडा अडकला आणि तो भला माणूस ते तोरण खांद्यावर मिरवीत थेट फाटकापर्यंत गेला. पुढे मी कुंडीला आरसे चिकटविले. त्यांचा कवडसा समोरच्या बाळासोंच्या डोळ्यांवर नेमका त्यांच्या वामकुक्षीच्या वेळी पडू लागला आणि त्यांना आपला पलंग मागील खोलीत हलवावा लागला. कुंडी हलविणे अधिक सोपे गेले असते, हे मला नंतर सुचले.

एवढ्या अनुभवानंतर मी शालनची अर्धवट राहिलेली वाकळ बाहेर काढली. बैठकीतील दिवाणावर घालण्यासाठी तिने ती उन्हाळ्यात सुरू केली होती. वरच्या थरात तिची दोन इरकली लुगडी, आपण दिलेले खण आणि माझी साइटवरची खाकी पँट (ती मी तीन वर्षे शोधत होतो) यांचे तुकडे आहेत. एका कडेपासून तिने बराच भाग धावदोऱ्याने भरत आणला होता. आजारपणातही उशाशी घेऊन ती चार-सहा टाके घालीत असे. उरलेले काम मी शास्त्रशुद्ध करण्याचे ठरविले. खडूने समांतर रेषा आखल्या, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. नाजूक सुईवर माझा विश्वास नसल्याने पोती शिवण्याचे दाभण आणले आणि बळकटीच्या दृष्टीने दोरा दुहेरी घेतला. फरशी गार पडते म्हणून खाली संघाची मोठी सतरंजी (ती सांभाळायला माझ्याकडेच असते) अंथरली होती. आपण अनुभवी आहात. पुढे काय झाले असेल, हे आपण आताच ओळखून हसत असाल. मी मात्र पंधरवडाभर ओळखले नाही. प्रत्येक टाक्यास जोर बराच लागतो, एवढेच जाणवत होते, आणि त्याबद्दल मला समस्त स्त्रीवर्गाविषयी आदर वाटत होता.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी संघाचे चिटणीस भाऊसो तिळगुळाच्या कार्यक्रमासाठी सतरंजी न्यायला आले. मी वाकळेवर बसून शिवीत होतो.

"उठा की जरा, लालासाहेब."

उठू गेलो, तर उठता येईना. माझ्या लेंग्याची उजवी बाजू मी वाकळेत पक्की केलेली होती. गृहस्थासमोर हे बोलून दाखविणे मला प्रशस्त वाटले नाही.

"मी बसूनच बरा आहे," मी म्हणालो.

"आवं, पर सतरंजी पायजे न्हवं!" असे म्हणून त्यांनी सतरंजीचे टोक धरून ओढले. सतरंजी निघाली, तिच्यासोबत वाकळ निघाली आणि वाकळेसोबत मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. भाऊसोंनी ओणवे होऊन खालून वर व वरून खाली पाहिले. "लालासाहेब, हे समदं एकच केलंय व्हय तुमी? आन् सोताला बी?"

लेंगा कात्रीने सोडवून क्रांतीताईंना बोलाविण्यात आले (मधल्या काळात मी लुंगी नेसलो). त्या म्हणाल्या, "काही नाही काका, सगळी शिवण उसवू, तासाभरात सतरंजी मोकळी." मी नकार दिला. मजबुतीसाठी म्हणून मी शालनच्या भागावरूनही दाभण फिरविले आहे. सगळी शिवण उसवली तर माझ्याबरोबर तिचीही उसवली जाईल. "मग फक्त तुमचे टाके काढू," असे म्हणून त्यांनी चार वाकड्यातिकड्या टाक्यांवर बोट ठेवले. "हे तुमचेच ना?" आक्का, ते माझे नव्हते. पण त्यांच्या शेजारचे कोणाचे, हे मलाही सांगता येईना. शेवटी शेवटी तिचा हात थरथरत असे, आणि मला तर शिवताच येत नाही. त्यामुळे तिचे अखेरचे टाके आणि माझे पहिले टाके अगदी एकसारखे दिसतात. दोराही मी तिच्याच रिळाचा, तिच्यासारखाच दुहेरी घेतला होता; सतरंजी उलटून पाहावी, तर दाभणाने तिचा दोराही ठिकठिकाणी खाली ओढून नेला आहे.

संघाची तातडीची सभा झाली. सतरंजी मधोमध कापावी, अशी सूचना आली. संघाचे नाव नेमके मधोमध छापलेले असल्याने ती बारगळली. अखेर सतरंजी कार्यक्रमाकडे जाऊ शकत नाही म्हणून कार्यक्रमच सतरंजीकडे आला. सगळे ज्येष्ठ नागरिक माझ्या बैठकीत कडेकडेने दाटीवाटीने बसले. शालनच्या भागाभोवती मी चार विटा उभ्या करून सुतळी बांधली होती. त्यामुळे तेथे खोदकाम चालू आहे, असे काहींना वाटले. आमच्यातील सर्वांत वयस्कर धोंडुबाई सुतळीपाशी थांबल्या आणि "हितं देव बसवलाय का?" असे विचारून नमस्कार करून पुढे गेल्या. मी सुतळी आणखी घट्ट केली.

असो. संघाने पुढील कार्यक्रमापर्यंत मुदत दिली आहे. तोवर काही ना काही मार्ग निघेल. आपण वयाने मोठ्या, प्रवास दगदगीचा; माझ्यासाठी येण्याची तसदी कृपया घेऊ नये.

आपला आज्ञाधारक,
लालासाहेब

ता. क. : वरील शेवटचे वाक्य शिष्टाचार म्हणून लिहिले आहे. आपण यावे. तिच्या टाक्यावरून तिला लहानपणापासून चिडविणाऱ्या आपण एकट्याच. तिचा कोणता व माझा कोणता, हे दाखवावे. माझे मी उसवीन. म्हसवडच्या स्टँडवर साक्षीने गाडीत बसवून दिल्यास मी सांगलीत उतरवून घ्यायला येईन.

ता. क. दुसरा : तोरण अजून तेथेच आहे. घरात शिरताना वाकावे.

ता. क. तिसरा (हा भाग साक्षीने मोठ्याने वाचू नये, आपण चष्मा लावून स्वतः वाचावा) : आपल्यालाही ओळखू आले नाहीत, तर तसे मला सांगू नये. खुशाल कोठेही बोट ठेवून "हे तिचं" म्हणावे. तेवढ्या जागेला मी हात लावणार नाही.