‘बीकन’ दुरुस्ती छापत नाही

सोमवार, ६ ऑक्टोबर १९५८

पोचले एकदाची टोर्व्हिकला! मिनीआपोलिसच्या दैनिकात अकरा वर्षं लग्नं आणि केक छापून विटले होते. आता मी, व्हेरा लिंडाल, अख्ख्या ‘टोर्व्हिक बीकन’ची संपादक. साप्ताहिक असलं म्हणून काय झालं! इमारत मूळची बँकेची. लाल विटा, खिडक्यांना अजून गज. तळघरात छपाईचं यंत्र, मधे कचेरी, वर माझी खोली. यंत्र सुरू झालं की वर कपातली कॉफी थरथरते. मला फार आवडलं.

छपाईचे खिळे जुळवणारी गुड्रुन चाळीस वर्षं इथंच आहे. आल्या आल्या माझी कुंडली मांडायला बसली. जन्मसाल कुठलं, लग्न का नाही केलं, आईवडील कुठे? आई फार्गोत ठणठणीत आहे. पण म्हातारीला एकटी टाकून आलात का, हे ऐकायची माझी तयारी नव्हती. ठोकून दिलं की दोघंही गेले, मागे कुणी नाही. मिटलं तिचं तोंड! तिने ते कागदावर टिपून घेतलं. दफ्तरी असू दे, म्हणाली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

‘बीकन’ला पंचाहत्तर वर्षं होताहेत. खास अंकासाठी पत्राचा आणि इमारतीचा इतिहास मीच लिहायचा, म्हणून जुन्या बांधीव फायली उपसते आहे. गुड्रुनची एकच टिमकी: ‘बीकन’ने आजवर एकदाही दुरुस्ती छापलेली नाही. म्हटलं, बाई, चुकत नाही तो माणूस कसला! ती म्हणाली, चुकतो की आम्ही, पण छापलेलं मागे घेत नाही.

एक गंमत सापडली. ९ मार्च १९११च्या अंकात गावातलं हॉटेल जळून खाक झाल्याची बातमी आहे. त्या जागेवर आज जो स्मृतीचा दगड आहे, त्यावर आगीची तारीख १२ मार्च. आधी बातमी, मग आग! गुड्रुनला दाखवलं, तर ती हसली नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

घोटाळा झाला, आणि तोही माझ्या हातून. रविवारी हाउगेन जुळ्या म्हाताऱ्यांपैकी आर्ने वारला, आणि मी छापलं ऑरव्हिल वारला. दोघांचे चेहरे, टोप्या, खोकला, सगळं एकसारखं! खिळे जुळवताना गुड्रुनला कळलं नसेल होय? का बोलली नाहीस विचारलं, तर म्हणते, तुम्ही पडलात संपादकीणबाई, आम्ही कोण सांगणार!

दुपारी ऑरव्हिल स्वतः अंक घेऊन आला. वाटलं, शिव्या घालेल. तो रडायलाच लागला. दुरुस्ती छाप गं पोरी, एवढं कर, म्हणून विनवत होता. १९११ साली बापाबरोबर हॉटेलात रॉकेलचे डबे आपणच वाहिले, असंही म्हणाला. पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापते, असा मी शब्द दिला. गुड्रुनने त्याला घरी जाऊन स्वस्थ बसायला सांगितलं. काळजी करू नका, आम्ही बघतो, म्हणाली.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

ऑरव्हिलकडे गेले. मयताच्या घरी नेतात तशी जेवणाची झाकलेली भांडी घेऊन बायका येत होत्या. भांडं परत मिळावं म्हणून तळाला चिकटपट्टीवर आपापलं नाव. ती त्याच्याच हातात देऊन, फार चांगला माणूस होता हो, असं त्याच्याच तोंडावर म्हणत होत्या. मी ओरडले, अहो, जिवंत आहे हा! पाळकाची बायको शांतपणे म्हणाली, बाहेरच्यांना आमची रीत कळायची नाही. ऑरव्हिल भांडी घेत राहिला.

शनिवार, १८ ऑक्टोबर

चर्चमध्ये दोन शवपेट्या. ऑरव्हिल झोपेतच गेला म्हणे. पेटी उघडली नाही. खांदा द्यायला शेरीफ, गावचा पोलीसच, होता. सांगू कुणाला?

मी शब्द दिला होता त्याला. छापणार. छापणारच.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

दुरुस्ती मीच जुळवली. गुरुवारी ऑरव्हिल हाउगेन जिवंत होता, गावाने त्याला मारलं. चार ओळी, बोटं काळी. पहिल्या पानात बसवून आले.

मागाहून आईचा फोन आला होता, तो गुड्रुनने घेतला. फार गोड बोलल्या, म्हणाली. तुम्ही तर त्या वारल्या म्हणाला होतात. शरमेने मान वर होईना. आईचा पत्ताही विचारून घेतलाय म्हणे. कशाला?

बुधवार, २२ ऑक्टोबर, सकाळ

यंत्र थांबलं. ओला अंक वर आणला. माझ्या चार ओळी नाहीत. त्या जागी —

‘“बीकन”च्या संपादक मिस व्हेरा लिंडाल यांचे बुधवारी तळघराच्या जिन्यावरून पडून निधन झाले.’

आज बुधवार आहे. दारात शेरीफ. खिडकीला गज. रस्त्यावर बायका, हातात झाकलेली —

नंतर

टेबलावर सहा भांडी. गुड्रुन जिन्याशी उभी आहे. घाई नाही, म्हणते.

बातमी आत्ता पुरती वाचली. शेवटची ओळ — ‘त्यांच्या मातोश्री त्यांच्याआधीच वारल्या होत्या.’

माझेच शब्द. हिचं तोंड मिटावं म्हणून मी —

ओरडून सांगितलं, खोटं होतं ते, आई आहे, काढा ती ओळ! ती म्हणाली, छापून झालं. काळजी करू नका, आम्ही बघतो. पाळकाची बायको पहाटेच फार्गोला गेलीय. मांडीवर भांडं घेऊन.

फोन जोडून देणारी बाई फार्गो जोडत नाही. म्हणते, मिस लिंडाल तर वारल्या.

आई कुणालाही घरात घेते. कॉफी पाजते.

गुड्रुन का थांबली आहे ते कळलं. आधी तिकडचं व्हायला हवं. आधी आई, मग —

फोन वाजतोय. गुड्रुन फोनकडे बघते आहे. आईचाच असेल. आईचाच अस—