पटकीनंतरची खानेसुमारी

३ डिसेंबर १९४१, सालेकसा
पीएच.डी.चं फील्डवर्क सुरू. विषय: ग्रामीण कुटुंबाचा आकार. स्टेशनपासून दोन कोसांवरचं गाव निवडलं. साठ घरं. रोज दहा, म्हणजे सहा दिवस. नाताळच्या आत निम्मा प्रबंध. संकल्प: निरीक्षकानं हळवं होऊ नये.

४ डिसेंबर
एकच घर झालं. देवकाबाई म्हणाली, "आमी सातजन जी." दिसले तीन. बाकीचे कुठं? तिनं मोहाच्या झाडाकडं बोट केलं, "तेथी झोपून राह्यले." जाऊन पाहिलं. चार दगड. गेल्या साली पटकी आली होती. मेलेली माणसं मोजत नाहीत, असं समजावलं. "काऊन?" म्हणाली. याचं उत्तर मॅन्युअलमध्ये नाही. तूर्त सात लिहिले. उद्यापासून कडक.

९ डिसेंबर
अठरा घरं. सगळीकडं तेच. कोतवाल कवडू सोबत हिंडतो. म्हणतो, अर्धं गाव गेलं. माझ्या फॉर्मांत मात्र गाव भरलेलं. नवे रकाने काढले: हजर, गैरहजर. प्रोफेसर खूश होतील. तक्ता मुंबईला रवाना.

११ डिसेंबर, सायंकाळ
जेवण देवकाबाईकडं. ती दारात उभी राहून चार नावांनी हाका मारते. मग शेजारीण. मग सगळी आळी. मी जरा सरकून बसलो. कोणाला जागा केली, कळेना. थंडीमुळं असावं.

१८ डिसेंबर
प्रोफेसरांचं पत्र. घरटी माणसं सरकारी आकड्याच्या दुप्पट कशी? गैरहजर म्हणजे मृत ना? वगळा. तासाभराचं काम. दिवसभरात एक नाव खोडलं: देवकाबाईचा धाकटा, वय चार. "आता पाच झाला असन," असं तीच म्हणाली होती. हात दुखला, म्हणून थांबलो.

१९ डिसेंबर
सकाळीच देवकाबाई हजर. "माह्या लेकरायचे नावं लिवले ना जी? वाचा जरा." चारही वाचली, खोडलेलंसुद्धा. तिनं डोळे मिटून ऐकलं. जाताना हसली. पाठोपाठ गाव आलं. दिवस मावळेपर्यंत वाचत होतो. आवाज बसला. नवी घरं: शून्य.

२० डिसेंबर, स्टेशन
उरलेली घरं पुढच्या हिवाळ्यात. नक्की. कवडू पोचवायला आला. गाडी लेट. म्हणाला, "तुमच्या घरचे कोनी गेले असतीन त सांगा जी. सांजच्या हाकेत त्यायलेबी घेऊ." असली माहिती प्रश्नावलीत बसत नाही, असं सुनावलं. त्यानं पुन्हा तेच विचारलं. शेवटी दोन नावं सांगितली. बायकोचं, मुलीचं. त्यानं मोठ्यानं म्हणून पाहिली. मुलीचं चुकत होतं. गाडी येईपर्यंत मी ते त्याच्याकडून घोकून घेतलं.