काळ्यावर पिवळी अक्षरं

दि. ४ मार्च

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

परवा सकाळी पेट्रोल पंपावरची पाळी संपवून घरी आलो, अंघोळ केली, देवाला हात जोडले आणि अण्णांच्या कॉम्प्युटरसमोर बसलो. तू पाठवलेलं तुझं जुनं यंत्र आल्यापासून त्यांच्या खोलीतच आहे. पण पडद्यावरचं काही दिसत नसल्यानं ते नुसते समोर बसून राहायचे. मधूनच तुझ्या मेलची टिंग वाजली की म्हणायचे, बारक्याचं काहीतरी आलं. तुझं खातं त्यात अजून तसंच आहे. ते काढलं तर यंत्रच बंद पडेल, अशी मला भीती. आणि ती टिंग ऐकून त्यांना बरं वाटायचं, म्हणून मी हात लावला नाही.

तर परवा डिस्प्लेमध्ये जाऊन अक्षरं तिप्पट केली, पडद्याचा उजेड उतरवला, बाण मोठा केला. तरी पांढऱ्याची झळ त्यांना सोसेना. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. त्यांनीच सांगितलं, काळ्यावर पिवळं कर, ते लांबून दिसतं. कॉन्ट्रास्टच्या यादीत तो रंग सापडला, आणि एरवी मी त्यांना वाचून दाखवतो ते रोजचं स्तोत्र पडद्यावर उघडलं. अण्णांनी खुर्ची पुढे ओढली आणि स्तोत्राची पहिली ओळ खणखणीत वाचली. तुझी वहिनी हात पुसत बाहेर आली. तिला वाटलं मीच वाचतोय, आणि आज माझा आवाज एवढा बरा कसा, असं विचारायला आली होती.

तेवढ्यात टिंग वाजली आणि कोपऱ्यात सूचनेची चौकट वर आली. आजवर ती बारीक अक्षरात यायची, मीही बघत नसे. तुझं ते तुझं. पण अक्षरं वाढवली तशी तीही वाढली. वर डोळ्यांच्या दवाखान्याचं नाव, खाली मावली ती एकच ओळ: ऑपरेशनची तारीख रद्द. पुढचं कापलेलं. अण्णांनी ती ओळ स्तोत्राच्याच सुरात वाचली. मग म्हणाले, अक्षर ठसठशीत आहे.

बारक्या, डॉक्टर तुझ्यादेखत म्हणाले होते की डोळ्यांतल्या दाबानं गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची, उशीर नको. तू दर फोनला सांगतोस की तिकडच्या दवाखान्यात रांग मोठी आहे, तारीखच मिळत नाही. मग ही मिळाली कधी आणि गेली कधी? मेसेज पाठवला तर त्याचं उत्तर अण्णांच्या समोर पडद्यावर उगवेल, फोनवर बोलावं तर आवाज चढेल आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत. म्हणून कागदावर लिहितोय. तूही कागदावरच लिही.

तुझ्या वहिनीनं सगळ्यांची खुशाली विचारली आहे. लोभ आहे, तो उत्तर येईपर्यंत पुरावा.

तुझा,
दादा


दि. १५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट दारात पडलं तेव्हा शेजारच्यांनी विचारलं, कोर्टाची नोटीस वगैरे आली की काय. या काळात पत्र पाठवणारा तू एकटाच उरलास बघ. पण अक्षर अजून तसंच आहे, पट्टीनं आखल्यासारखं सरळ.

दादा, एका ओळीवरून तू राईचा पर्वत केलास. त्या चौकटीत पूर्ण मजकूर कधीच येत नाही. दवाखाने असे मेल ढीगभर पाठवतात; त्यांचे डॉक्टर परदेशी गेले, तारखा त्यांनीच पुढे ढकलल्या. मी कानावर घालणारच होतो. तुम्हाला उगीच काळजी नको म्हणून थांबलो. अण्णांना कशाला वाचू दिलंस ते सगळं?

उपाय सोपा आहे. सेटिंग्ज उघड, सिस्टीम, त्यात नोटिफिकेशन. सगळ्यात वरचं बटण सरकवून बंद कर. टिंगही बंद होईल, चौकटही येणार नाही. प्रश्न मिटला. मेलचं ॲप मात्र उघडत बसू नकोस, त्यात ऑफिसचं बरंच असतं.

ऑपरेशननंतर त्यांना इथे बरेच आठवडे राहावं लागेल, रोज ठरल्या वेळी थेंब, दर चार दिवसांनी दाखवायला नेणं. मधल्या खोलीत आता माझं ऑफिस आहे, तुझ्या भावजयीच्या मीटिंगा वेगळ्या. अडचण नाही, पण थोडं सुचू दे. पावसाळ्यानंतर नक्की बघू. अण्णांनी इतकी वर्षं काढली, आणखी चार-सहा महिन्यांनी काय होतंय?

वहिनीला नमस्कार. रागावू नकोस, पूर्वीसारखीच माया ठेव.

तुझा,
बारक्या


दि. १८ एप्रिल

चि. बारक्यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र अण्णांना वाचून दाखवलं नाही. आलंय एवढं सांगितलं. ते म्हणाले, त्याला अडचण असेल. काय लिहिलंय ते विचारलंही नाही.

पत्र आलं त्याच दिवशी दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि पडद्यावरची अक्षरं पुन्हा पूर्वीएवढी कर म्हणाले. मी म्हटलं, अहो, आत्ता कुठे रोजचं स्तोत्र तुम्ही स्वतः वाचायला लागलात. तर म्हणाले, आणखी काही आलं तर वाचायला नको. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी काढली, त्यानं हे सांगितलं. मी अक्षरं लहान केली.

मग तुझं बटण बंद करायला गेलो, तर घड्याळापाशी चुकून क्लिक झालं आणि साठलेल्या सूचनांची रांग उघडली. तुझं मेलचं ॲप मी उघडलं नाही. पण अक्षरं लहान झाल्यामुळे त्याच चौकटीत आता सगळा मजकूर मावत होता. मावला तो असा: आपण कळवल्यावरून ही तारीख रद्द केली आहे. कारण, रुग्णाची स्वतःची इच्छा नाही.

अण्णा मागेच बसले होते. विचारलं, आता पुढचं दिसतं का. दिसतं म्हटलं. वाच म्हणाले. खोटं वाचावं असं क्षणभर मनात आलं. पण त्याच पडद्यावर सकाळी देवाचं नाव वाचलेलं असतं, बारक्या. मी होतं तसं वाचलं. ते एवढंच म्हणाले, “असं मी कधी म्हणालो?”

तुझ्याकडे जागा नाही, हे तू सरळ लिहिलं असतंस तर मी एका शब्दानं दुखावलो नसतो. आपल्या दोघांत हे चाललं असतं. तू स्वतःची अडचण म्हाताऱ्या बापाच्या तोंडी घातलीस.

मी रजा टाकली. तुझ्या दवाखान्याकडे गेलो नाही. बसनं जाऊन-येऊन होईल अशा ठिकाणी डोळ्यांचे सरकारी डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की उजव्या डोळ्यात आता करण्यासारखं काही राहिलं नाही. त्याला उशीर झाला. डावा राखता येईल. तू विचारलं होतंस, चार-सहा महिन्यांनी काय होतंय. हे होतं.

संमतीच्या कागदावर नर्सनं सही कुठे करायची ते बोट लावून दाखवलं. अण्णांनी पेन मागून घेतलं आणि सहीच्या आधी, छापलेल्या मजकुरावरूनच, पाटीवर काढावं तसं टपोरं लिहिलं की माझी इच्छा आहे. नर्स म्हणाली, आजोबा, याची गरज नव्हती. ते म्हणाले, होती.

गेल्या सोमवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. थेंब तुझी वहिनी घालते. मी घरी असलो की तिची कटकट नि त्यांची कुरकुर ऐन रंगात येते.

आज सकाळी त्यांच्या खोलीत बसून अक्षरं पुन्हा तिप्पट केली, काळ्यावर पिवळी. आणि जे करायला इतके दिवस धजत नव्हतो ते केलं: तुझं खातं त्या यंत्रातून काढून टाकलं. यंत्र बंद पडलं नाही. दुपारी अण्णांनी एकदा विचारलं, आता वाजत नाही का? मी नाही म्हटलं. ते मान हलवून पुन्हा वाचू लागले.

लोभ असावा, असं आजवर प्रत्येक पत्राखाली लिहीत आलो. या खेपेस ते तुझ्यावर सोडतो.

दादा

ता. क. यापुढे जे कळवायचं ते हातानं लिही, आणि अक्षर मोठं काढ. पत्र मी आधी वाचणार नाही, तसंच अण्णांच्या हातात देणार आहे.